भिंतीतल्या सातेरीचं पोळं हातात आलंय, घरच्या घरी मध कसा काढू?

ओसरी (धागाकर्ती), शनिवार, रात्री ९:२०

आमचं घर राजापूर तालुक्यात, जुनं, चिऱ्याचं. मागच्या पडवीत भिंतीतल्या बंद कोनाड्यात गेली काही वर्षं सातेरीच्या माश्या राहत होत्या. त्यांचा आम्हाला त्रास नव्हता, आमचा त्यांना नव्हता. पण ती भिंत सुटायला लागलीय आणि पावसाआधी काम करून घ्यायचंय. म्हणून पेट्या सांभाळणाऱ्या एका ओळखीच्या मधपाळांना बोलावलं. आज दुपारी त्यांनी फळी काढली, पोळी एकेक करून कापली. पिल्लं असलेले तुकडे लाकडी चौकटींना केळीच्या सोपटाने बांधून पेटीत घातले. राणी आत गेल्यावर बाकीच्या माश्या आपोआप तिच्यामागे गेल्या. अंधार पडल्यावर पेटी घेऊन गेले. बघण्यासारखं काम होतं, पण तो वेगळा विषय.

मधाचे तुकडे आमच्याकडे राहिलेत. दोन स्टीलचे डबे भरून, साधारण तीन किलो असतील. काही तुकड्यांवर पांढरी मेणाची झाकणं आहेत, काहींची घरं उघडी आहेत आणि आत मध चमकतोय. एका तुकड्यात पिवळं-केशरी घट्ट काहीतरी भरलंय. एकाच्या खालच्या कडेला पांढऱ्या अळ्या राहून गेल्यात.

मध काढायचं यंत्र अर्थातच नाही. मिक्सर आहे, पुरणयंत्र आहे, चाळण्या आहेत, सासऱ्यांचं जुनं धोतर आहे. सासूबाईंचं म्हणणं, "त्यात काय विचारायचंय, फडक्यात घालून पिळा." नवऱ्याचं म्हणणं, उन्हात ठेवू, आपोआप वितळेल. इथली हवा आत्ताच इतकी दमट आहे की मिठाला पाणी सुटतंय. जाणकारांनी सांगावं.

फणसगरे, रात्री ९:३५

वाचतोय. आधी एक तुकडा तसाच तोंडात टाका आणि मेण चघळत बसा. बाकीचं उद्या.

घाटमाथा, रात्री १०:०५

ओसरीताई, आज रात्री काही पिळू नका आणि उन्हात तर मुळीच ठेवू नका. डब्यांना घट्ट झाकणं लावा. फ्रिजमध्येही ठेवू नका, गार मध गळत नाही. मी जावळी खोऱ्यातला, घरी वडिलांपासून सातेरीच्या पेट्या आहेत. जरा सविस्तर लिहितो.

मध टिकणार की नासणार हे गाळणीवर ठरत नाही. तुम्ही कुठला तुकडा कुठल्या भांड्यात घालता यावर ठरतं. म्हणून आधी निवडणी. तीन परात घ्या.

पहिल्या परातीत फक्त पांढऱ्या झाकणांचे तुकडे. फुलातून आणलेल्या रसात निम्म्याहून जास्त पाणी असतं. माश्या तो पोटातून पुन्हापुन्हा आतबाहेर करतात, पंखांनी वारा घालतात आणि पाणी पुरेसं उडालं की वर मेणाचं झाकण घालतात. झाकण म्हणजे माशीने दिलेली पावती की हा मध पिकला.

दुसऱ्या परातीत उघड्या घरांचे तुकडे. यातही दोन प्रकार असतात. तुकडा आडवा धरून हाताला एक हिसका द्या. थेंब उडाले तर रस कच्चा आहे. उडाले नाहीत तर मध पिकलाय, फक्त झाकायचा राहिलाय, तो पहिल्या परातीत चालेल. कच्चा मध वेगळा गाळा आणि लगेच खाऊन संपवा. ओलं धान्य कणगीत भरलं की सगळी कणगी जाते, तसा हा कच्चा मध चांगल्यात मिसळला की सगळी बरणी आंबते.

तिसऱ्या परातीत पिवळं-केशरी भरलेला आणि अळ्यांचा भाग. पिवळं-केशरी म्हणजे पराग, माश्यांच्या पिल्लांचं खाणं. तो विषारी वगैरे नाही, पण मधात मिसळला की मध गढूळ होतो, आंबायला मदत होते. सुरीने तेवढा भाग कापून टाका. अळ्यांच्या भागाचं तर एक घरही मधात जाऊ देऊ नका. अळी फुटली की तिचं पाणी मधात, आणि मग वास.

पोळं पाण्याने धुवायचं नाही. माती लागली असेल तर तेवढा कपचा काढून टाका. सुरी, परात, गाळणी, हात, सगळं कोरडं ठणठणीत हवं. गाळायची कृती सकाळी लिहितो, इथे रेंज जातेय.

दिवेलागण, रात्री १०:४०

घाटमाथा, आमच्याकडे आजोळी फडक्यात घालून पिळूनच मध काढत आणि तो वर्षभर पुरायचा. इतकं सोवळंओवळं कोणी पाळत नव्हतं. आणि चवीला तो मध आजच्या बाटलीतल्यापेक्षा दहापट सरस होता.

घाटमाथा, रविवार, सकाळी ६:५०

दिवेलागण, चव सरस होती कारण मध खरा होता आणि त्यात पराग होता. पिळल्यामुळे नव्हे. आजोळचे लोक पोळं कधी कापायचे ते आठवा. बहुतेक उन्हाळ्याच्या शेवटी, जांभूळ-हिरड्याचा बहर सरल्यावर, म्हणजे मध झाकून झाल्यावर. अनुभवी माणसं पिल्लांचा भाग बाजूला काढूनच पिळायची. जिथे सगळंच पोळं एकत्र पिळतात तो मध काही आठवड्यांत फेसाळतो. आठवडी बाजारात रस्त्याकडेला फडक्यात पिळून देतात तो बघा. बाटली उघडताना फस्स करते.

आता कृती.

खोली बंद करा, खिडक्यांसकट. मधाचा वास सुटला की तासाभरात बाहेरच्या माश्या हजर होतात. तुमची पेटी गेली तरी पंचक्रोशीतल्या दुसऱ्या वसाहती आहेतच. शक्यतो संध्याकाळी करा, अंधारात त्या येत नाहीत.

एक खोल स्टीलचं पातेलं. त्यावर जाड छिद्रांची स्टीलची चाळण, भाजी निथळायला वापरतात तसली चालेल. पितळ, तांबं, ॲल्युमिनियम, लोखंड नको. मध आंबट असतो, त्याचा सामू (पीएच) चारच्या आसपास, तो धातूला खातो. स्टील, काच किंवा चिनी माती.

पहिल्या परातीतला तुकडा घ्या. धारदार सुरीने वरची झाकणं पातळ सोलून काढा, सोललेलं मेणही चाळणीतच टाका, त्यालाही मध असतोच. तुकडा चाळणीवर उघडी बाजू खाली करून ठेवा. एका बाजूचा मध गळला की पोळ्याच्या मधल्या पडद्यापर्यंत सुरीने चिरे द्या आणि उलटा करा. मे महिन्यातल्या कोकणात खोली गरमच असते. रात्रभरात बराचसा मध खाली येतो. सकाळी राहिलेलं पोळं चमच्याच्या पाठीने हलकं कुस्करा आणि पुन्हा निथळू द्या. पिळू नका, घाई नको. पिळल्यावर जो शेवटचा वाटीभर मध मिळतो त्यासोबत मेणाचा भुगा आणि पराग येतो.

निथळलेला मध दुसऱ्या भांड्यात पातळ नायलॉनच्या किंवा मलमलीच्या कापडातून गाळा. धोतराचा तुकडा चालेल, पण नीळ-स्टार्च नसलेला, उन्हात कडक वाळवलेला. ओलसर कापडातून गाळणं म्हणजे हाताने मधात पाणी घालणं.

मग भांडं झाकून दोन दिवस हलवू नका. मेणाचे कण, हवेचे बुडबुडे वर येऊन फेस जमेल. तो काढून टाका, म्हणजे घरातल्यांना द्या. खालचा मध काठोकाठ बरण्यांत भरा.

खटपट्या, सकाळी ८:१५

मिक्सरमधून एकदा फिरवून गाळलं तर? पाच मिनिटांचं काम.

घाटमाथा, सकाळी ८:३०

मेण इतकं बारीक होतं की कापडातूनही निघून जातं, आणि मधात हवा भरते ती वेगळीच. मग महिनाभर दुधाळ मध बघत बसायचं. मायक्रोवेव्ह विचारायच्या आधीच सांगतो, तोही नको.

खटपट्या, सकाळी ८:३२

तेच विचारणार होतो 😀

पण एक शंका खरी आहे. पुरणयंत्र का नको? तेही कुस्करतंच.

पाटावरवंटा, सकाळी ९:००

पुरणयंत्र मेणातून सुटेपर्यंत पुढची होळी येईल. गार पाण्यात मेण कडक होतं, गरम पाण्याने पसरतं, आणि साबणाने काही होत नाही. शिवाय ते पाणी सिंकमध्ये ओतलंत तर पुढे जाऊन पाइपात गोठतं. मध-मेणाची भांडी आधी कोरड्या कागदाने पुसा, मग उकळत्या पाण्याने बाहेर अंगणात धुवा.

शेंदरी, सकाळी ९:४०

उन्हात का नको, ते कोणी नीट सांगेल का? आयुर्वेदात मध तापवू नये म्हणतात ते माहितेय. पण बाहेर पस्तीस अंश असताना पोळ्यातला मध तसाही गरमच असतो ना?

घाटमाथा, सकाळी १०:२०

चांगला प्रश्न. पोळ्याच्या मधल्या भागात, जिथे पिल्लं असतात, तिथे माश्या ३४-३५ अंश राखतात. तेवढ्या उबेने मधाला काही होत नाही. खोलीत तेवढी ऊब असेल तर उलट मध छान सुटतो.

बंद डबा उन्हात ठेवला की गोष्ट बदलते. काचेखाली किंवा काळ्या झाकणाखाली तापमान साठच्या पुढे सहज जातं. मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं. तुमच्या नवऱ्यांचं गणित चुकत नाही, ओसरीताई: सगळं वितळेल, खाली मध, वर मेणाची पोळी तयार. पण तो मध शिजलेला. रंग काळपट, फुलाचा वास गेलेला, आणि त्यात एचएमएफ नावाचं संयुग वाढतं. मध तापवला किंवा फार दिवस ठेवला की ते तयार होतं. आपल्या अन्न मानकात त्याची मर्यादा किलोला ८० मिलिग्रॅम आहे. शिवाय पराग-अळ्या सगळं त्यात एकत्र उकडून निघतं.

आयुर्वेदाचं मी बोलत नाही, तो माझा प्रांत नाही. मधपाळ म्हणून सांगतो, गाळताना मध जाडच राहत असेल तर पातेलं कोमट पाण्याच्या परातीत ठेवा. पाण्यात बोट आरामात राहिलं पाहिजे, म्हणजे ४० अंशांच्या आसपास. त्यापुढे गरज पडत नाही.

ओसरी, दुपारी १२:१०

सगळ्यांचे आभार, निवडणी झाली. कच्च्याचे तुकडे निघालेच, हिसका दिल्यावर भिंतीवर शिंतोडे. उरलेली चोयटी आणि अळ्यांचे तुकडे सासूबाई म्हणतात बाहेर कुंपणावर ठेवू, माश्या चाटून साफ करतील, त्यांचंच आहे. मलाही ते पटतंय. ठेवू ना?

आणि मुंग्या! सकाळी डब्याभोवती रांग लागली होती.

घाटमाथा, दुपारी १२:४०

नका ठेवू. सासूबाईंचा भाव चांगला आहे, पण त्यातून रोग पसरतो. सातेरीला थाई सॅकब्रूड नावाचा विषाणूचा आजार होतो, अळ्या पाण्याच्या पिशवीसारख्या होऊन मरतात. नव्वदच्या दशकात दक्षिणेत या आजाराने सातेरीच्या असंख्य वसाहती संपल्या. आजारी वसाहतीचं पोळं दुसऱ्या माश्यांनी चाटलं की तो पुढे जातो. तुमच्या माश्या निरोगी असतीलही, पण लुटालूट सुरू झाली की त्या आपापसात मारामारी करतात, आणि आसपासच्या माणसांना चावतात. द्यायचंच असेल तर त्या मधपाळांना द्या, ते त्याच वसाहतीला पेटीच्या आत घालतील. नवी पेटी लावलेल्या माश्यांना पावसाआधी तसंही खाणं लागतंच. अळ्यांचे तुकडे मातीत पुरा.

मुंग्यांसाठी पातेलं पाण्याच्या ताटात ठेवा.

कंदील, दुपारी १:३०

घाटमाथा यांच्याशी इथे थोडा मतभेद. रात्रभर उघड्या चाळणीखाली पाण्याचं ताट म्हणजे त्या जागेची दमट हवा अजून वाढवणं. मध हवेतलं पाणी ओढतो. हवेची सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर असेल तर चांगला पिकलेला मधही पाणी घेऊ लागतो. कोकणात मेअखेरीस ती ७५-८० असते. मी तरी पाण्याच्या ताटाऐवजी टेबलाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवीन आणि पातेलं-चाळण मिळून एक मोठं भांडं उपडं घालीन.

ज्यांच्याकडे एसी आहे त्यांनी ती खोली वापरावी असं सुचवलं असतं, पण एसीत मध गार होऊन गळायचा थांबतो. हवा कोरडी करणारं यंत्र असेल तर उत्तम. नसेल तर बंद खोलीत झाकून.

घाटमाथा, दुपारी १:५०

मान्य. आमच्याकडे घाटावर एप्रिलमध्ये काम होतं, हवा कोरडी असते, त्यामुळे माझ्या डोक्यात ते आलं नाही. टेबलाच्या पायांखाली वाट्या हेच करा.

शेंदरी, दुपारी २:१५

मग मधात पाणी किती आहे ते घरी कसं कळणार? ती मधात बुडवलेली काडी पेटवायची, पाण्यात थेंब टाकायचा, ती परीक्षा?

कंदील, दुपारी ३:००

त्या सगळ्या परीक्षा निव्वळ मनोरंजन आहेत. पाण्यात तळाला जाणं हे फक्त दाटपणा सांगतं. साखरेचा दाट पाक तितक्याच डौलाने तळाला जातो. ओसरीताईंचा दुसऱ्या परातीतला मध शंभर टक्के अस्सल आहे, पण पातळ असल्यामुळे तो या परीक्षेत नापास होईल. काडीचंही तसंच. कुत्रा खात नाही, वर्तमानपत्रावर डाग पडत नाही, हेही सोडून द्या.

पाणी मोजायला रिफ्रॅक्टोमीटर लागतो. मधासाठीचा हातात धरायचा साधा मिळतो, दोन थेंब काचेवर ठेवायचे आणि उजेडाकडे धरून आकडा वाचायचा. आपल्या अन्न सुरक्षा मानकांत मधातलं पाणी २० टक्क्यांपर्यंत चालतं. सातेरीचा मध मेलिफेरा या युरोपीय माशीच्या मधापेक्षा बऱ्याचदा पातळ असतो, त्यामुळे तो या रेषेच्या अल्याड-पल्याड असतो. त्याच मानकांत एक मजा आहे: सुक्रोजची, म्हणजे साध्या साखरेची, मर्यादा सगळ्या मधांना ५ टक्के, पण कारवीच्या मधाला १०. सात-आठ वर्षांनी एकदा फुलणाऱ्या आपल्या सह्याद्रीच्या झुडपाला राष्ट्रीय नियमावलीत स्वतःची ओळ आहे.

भेसळ ओळखणं हे घरगुती कामच नाही. २०२० साली दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने १३ ब्रँडचे मध तपासून घेतले, त्यांतले १० साखरेच्या पाकाची भेसळ पकडणाऱ्या एनएमआर चाचणीत नापास झाले. त्यांतले बरेचसे आपल्याकडच्या नेहमीच्या चाचण्यांत पास झालेले होते. तिथे काडेपेटी काय करणार?

सातवा_मजला, संध्याकाळी ५:३०

धागा वाचून स्फुरण चढलंय. पुण्यात आमच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीखाली भलंमोठं मोहोळ आहे, तीन-साडेतीन फूट रुंद. त्यात मध किती असेल? वॉचमन म्हणतो धूर करून काढून देतो, अर्धा अर्धा. ओसरीताईंसारखंच चाळणीवर निथळवता येईल का?

घाटमाथा, संध्याकाळी ५:४०

नाही नाही नाही. ते आग्या आहे. सातेरी नव्हे.

आग्या मोहोळ उघड्यावर, एकच मोठं पोळं लटकवतं. पेटीत राहत नाही. एक माशी डिवचली की शेकडो मागे लागतात आणि दूरपर्यंत पाठलाग करतात. डंखासोबत एक वास सुटतो, पिकल्या केळ्यासारखा, तो बाकीच्यांना चावायचं ठिकाण दाखवतो. सातव्या मजल्यावर दोराला लटकून धूर करणारा वॉचमन, आणि खाली मुलं खेळतायत. गडांवर आग्या उठल्याच्या बातम्या दरवर्षी वाचता ना?

आणि दुसरं, ज्यावर कोणी बोलत नाही. सोसायटीने कधी पेस्ट कंट्रोल करून घेतलंय का? फवारलेल्या मोहोळातला मध खायचा नसतो, निथळलात तरी आणि उकळलात तरी.

तसंच राहू द्या. हंगाम संपला की आग्या माश्या स्वतःच स्थलांतर करतात. घाई असेल तर पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, १९६२ पासून. तिथे विचारा, माश्या न मारता मोहोळ हलवणारी प्रशिक्षित माणसं कुठे मिळतील ते.

सातवा_मजला, संध्याकाळी ५:५५

पेस्ट कंट्रोल दिवाळीत झालं होतं. वॉचमनला नको सांगितलं.

तापीकाठ, संध्याकाळी ७:२०

आग्याचा विषय निघालाच आहे तर. सातपुड्यात आमच्या भागात आग्याचा मध काढणारी माणसं पिढ्यान्पिढ्या ते करतात, अंधाऱ्या रात्री. आग्याच्या पोळ्यात मध सगळीकडे नसतो. फांदीला किंवा कड्याला चिकटलेल्या वरच्या भागात, एका टोकाला जाड गड्डा असतो, तोच मधाचा. बाकीच्या पोळ्यात पिल्लं. जुन्या पद्धतीत आग लावून अख्खं पोळं खाली पाडायचे आणि सगळं एकत्र पिळायचे. त्यात वसाहत संपायची आणि मधही लवकर आंबायचा. आता प्रशिक्षण घेतलेले गट पोशाख घालून फक्त मधाचा गड्डा कापतात, बादलीत घेतात आणि खाली आल्यावर जाळीवर निथळवतात. पिल्लांचा भाग शाबूत राहिला तर माश्या तिथेच परत मध भरतात आणि त्याच हंगामात पुन्हा कापता येतो. निथळलेल्या मधाला भावही वेगळा मिळतो.

हा मध जंगलातला म्हणजे गौण वनोपज, २००६ च्या वनहक्क कायद्यात त्याचं नाव आहे, मेणाचंही. गोळा करायचा हक्क तिथल्या वननिवासी माणसांचा. शहरातून जीप घेऊन जाणाऱ्या हौशींचा नव्हे, एवढं नमूद करतो.

ऑकलंडकर, रात्री ९:००

इथे न्यूझीलंडमध्ये आमच्या परसात एक पेटी आहे, मेलिफेराची. इथे एक पेटी असली तरी नोंदणी सक्तीची आहे. आमच्या क्लबचं हाताने फिरवायचं यंत्र आळीपाळीने मिळतं. चौकटी आत उभ्या लावायच्या, फिरवल्या की मध बाहेर फेकला जाऊन पिंपाच्या भिंतीवरून खाली उतरतो. मोठा फायदा असा की पोळं तुटत नाही, रिकामी चौकट परत पेटीत. एक किलो मेण करायला माश्यांना सहा ते आठ किलो मध खर्ची घालावा लागतो असं सांगतात. म्हणजे पोळं कुस्करणं ही त्यांच्या दृष्टीने भलतीच महाग पद्धत.

मात्र इथल्या मानुका झुडपाचा मध यंत्रालाही दाद देत नाही. तो पोळ्यात जेलीसारखा बसून राहतो, ढवळला की पातळ होतो, सोडला की परत घट्ट. प्रत्येक घरात बारीक सुया टोचून मग फिरवावं लागतं.

ओसरी, सोमवार, सकाळी ७:४५

रात्री कंदील यांनी सांगितल्याप्रमाणे मांडामांड केली. टेबलाच्या चारही पायांखाली वाट्या, वर पातेलं, चाळण, आणि सगळ्यावर उपडा घंगाळ. घंगाळ तांब्याचा आहे पण मधाला टेकत नाही, आधीच सांगून ठेवते. मुंगी एक नाही. बराच मध खाली आलाय, रंग गडद, किंचित तुरट. जांभळाचा असावा का? आमच्या मागे तीन जांभळी आहेत.

फडक्यातून गाळायला लावलाय. कच्च्याचा वेगळा, वाटीभरच झाला, तो आज थालीपिठावर जाईल.

प्रश्न: सकाळी पाहुण्या आल्यात, नणंद आणि तिचं पाच महिन्यांचं बाळ. सासूबाई म्हणतायत घरचा इतका शुद्ध मध, बाळाच्या जिभेला बोट लावू, गुटीही त्यातच उगाळू.

गोळीइंजेक्शन, सकाळी ८:००

ओसरीताई, कृपया थांबवा. मी बालरोग विभागात काम करते. एक वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात नाही, थेंबही नाही. मधात क्लोस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्या माणसाच्या आतड्यात ते वाढत नाहीत, तान्ह्याच्या आतड्यात वाढून विष तयार करतात, बाळ लुळं पडतं. शुद्धतेशी याचा संबंध नाही, अगदी पोळ्यातून आत्ता काढलेल्या मधातही ते असू शकतात. उकळल्यानेही ते मरत नाहीत. घरात वाद नको असेल तर "डॉक्टरांनी वर्ष होईपर्यंत नको सांगितलंय" म्हणा. खरंच सांगितलंय.

ओसरी, सकाळी ८:१०

थांबवलं. सासूबाई थोड्या रुसल्यात, पण बाळाच्या आईने ऐकलं.

पाटावरवंटा, सकाळी ११:३०

मेणाचं काय करताय? टाकू नका.

कुस्करून निथळलेलं सगळं मेण एका जुन्या पातेल्यात भरपूर पाण्यासोबत मंद तापवा. हे पातेलं परत स्वयंपाकात वापरायचं नाही असं समजूनच घ्या. मेण वितळून वर येतं. गरम असतानाच जाड फडक्यातून दुसऱ्या भांड्यात गाळा आणि रात्रभर गार होऊ द्या. सकाळी वर पिवळी चकती तरंगते, तळाशी मळ चिकटलेला असतो तो सुरीने खरवडा. थेट आचेवर, बिनपाण्याचं मेण कधीच तापवू नका, पेट घेतं.

आमच्या आजीच्या करंड्यात असलीच चकती असायची. कपाळाला आधी मेण, त्यावर कुंकू, दिवसभर हलायचं नाही. आता टाचांच्या भेगांना खोबरेल तेलात वितळवून वापरते. एक भाग मेण, चार भाग तेल.

फणसगरे, दुपारी १२:४५

मध कधी खडीसाखरेसारखा दाणेदार होतो, तो साखर घातलेला असतो ना? मागे कोणीतरी दिलेला तसा झाला, टाकून दिला.

कंदील, दुपारी १:१०

टाकायला नको होता. मधात ग्लुकोज जास्त असेल तर तो गोठतोच, आणि १४ अंशांच्या आसपास सगळ्यात लवकर, म्हणून थंडीत होतो. मोहरी-सूर्यफुलाचा मध फार लवकर गोठतो. बरणी ४० अंशांच्या पाण्यात ठेवली की पूर्ववत. लक्ष ठेवायचं ते वेगळ्या गोष्टीवर: गोठलेल्या मधात कण खाली बसले आणि वर पातळ थर राहिला, तर त्या वरच्या थरात पाणी जास्त असतं आणि आंबायला तिथूनच सुरुवात होते. म्हणून पावसाळ्यात बरण्या काठोकाठ भरलेल्या, लहान लहान. एक मोठी बरणी रोज उघडत बसण्यापेक्षा ते बरं.

ओसरी, बुधवार, रात्री ८:३०

बरण्या भरल्या. फेस काढून घेतला, त्यावर मुलांची भांडणं झाली. दोन किलोंच्या थोडा वर भरला, कच्चा सोडून. मधपाळांना एक बरणी द्यायला गेलो तेव्हा त्यांनी सांगितलं, माश्या पेटीत रुळल्यात, पराग आणतायत. प्रशिक्षणाचं विचारलं तर म्हणाले, महाबळेश्वरला खादी व ग्रामोद्योग मंडळाचं मधसंचालनालय आहे, तिथे चौकशी करा, आणि जमलं तर मांघर बघून या. २०२२ मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर झालेलं.

शेवटचा प्रश्न. उद्या गवंडी येतोय. कोनाडा नुसता लिंपून घेतला तर चालेल ना? आत भिंतीला मेणाचे पापुद्रे चिकटलेत.

घाटमाथा, रात्री ९:०५

आधी खरवडा, सगळे पापुद्रे, कोपऱ्यांसकट. मग चुन्याचा जाड हात द्या आणि त्यानंतर चिरे बसवून फटी बुजवा. मेणाचा वास वर्षानुवर्षं राहतो आणि फिरती वसाहत पुढच्या हंगामात बरोबर तिथेच येते. बोटभर फट पुरते त्यांना.

माश्या जवळपास हव्याच असतील तर पडवीच्या बाहेर, जांभळीच्या सावलीला, जमिनीपासून हातभर उंच घडवंचीवर एक रिकामी सातेरीची पेटी ठेवा. खरवडलेलं मेण वितळवून आतून थोडं चोपडा. घडवंचीच्या पायांना मुंग्यांसाठी वाट्या लावायच्या, आता सवय झालीच आहे तुम्हाला. पावसाळ्यात नव्हे, दसऱ्यानंतर ठेवा. तोपर्यंत पेटीची लाकडं उन्हात एकदा वाळवून घ्या, नव्या पेटीच्या रंगाचा वास त्यांना चालत नाही.